देवाचे खाडे

वेणीमाधवपंत मोहोळकरांना उभ्या जन्मात एकच गोष्ट जमली नाही, ती म्हणजे वाट बघणं. दूध चुलीवर ठेवलं की ते पातेल्याशी वाद घालायचे. कुंडीत मेथी पेरली की तिसऱ्या दिवशी बोटानं माती उकरून मोड आलेत का ते बघायचे, आणि मग मेथी उगवली नाही म्हणून बियाणेवाल्याच्या नावानं खडे फोडायचे. दहाच्या गाडीसाठी आठला स्टेशनवर, आणि गाडी दहाच्या ठोक्याला आली तरी यांचं तोंड वाकडं. लग्नात तर कहरच झाला. शेवटचं 'सावधान' अजून भटजींच्या तोंडातच होतं, तोवर यांनी अंतरपाटावरून हात घालून गोदावरीच्या गळ्यात माळ टाकली. माळ तिच्या गळ्यात न पडता मागं उभ्या असलेल्या मामाच्या पगडीत अडकली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, ही म्हण त्या मांडवात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. हे कुणी पदरचं घालून सांगत नाही. पुढं पंतच सगळ्यांना सांगत असत, आणि सांगताना आधी स्वतः हसत.

अशा माणसाला देवानं नोकरीही शोधून दिली. सोलापुरातल्या एका गिरणीत पंत टाइमकीपर होते. फाटकाशेजारी त्यांची खिडकी, खिडकीच्या वर भिंतीवरचं घड्याळ, आणि समोर मस्टर. हजेरीला काळ्या शाईची उभी रेघ, खाड्याला फुली. भोंगा थांबला की फाटक बंद, आणि फाटक बंद झालं की फुली. मग बाहेर कामगार हात जोडो नाहीतर डोकं आपटो. सलग सहा खाडे पडले की त्या नावावर तांबड्या शाईची आडवी रेघ. म्हणजे नाव कमी. एकोणीस वर्षांत पंतांनी एकदा मांडलेला खाडा कधी खोडला नव्हता, याचा त्यांना फार अभिमान. मार्शल लॉच्या दिवसांत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरीही पंत घरात बसून खिशातलं घड्याळ काढायचे आणि "आता फाटक लागलं असतं" असं गोदावरीला सांगायचे. गोदावरी म्हणायची, "बरं झालं सांगितलंत. मी निघालेच होते."

आणि हेच पंत रोज संध्याकाळी उत्तर कसब्यातल्या बोळातल्या मारुतीपुढं पोथी वाचायचे. आवाज खणखणीत, अर्थ सांगण्याची हौस मोठी, आणि आवडता विषय सबुरी. "देवावर भार टाकावा आणि निवांत बसावं," असं ते पाय हलवत सांगायचे. "फळ पिकेल तेव्हा पडेल, आपण झाड हलवू नये." ऐकायला पाचदहा बायाबापड्या असायच्या. त्यात सोजरबाई ठरलेली. ही गिरणीत सुताच्या खात्यात कामाला, पन्नाशीची, विधवा, तोंडात तंबाखूची चिमूट आणि नजर थेट. ती खांबाला टेकून बसायची आणि पंतांचा शब्द न् शब्द ऐकायची. पुढं ते पंतांना महागात पडलं.

एकदा माघात सोजरबाई दोन मिनिटं उशिरा फाटकावर आली. विहिरीवर पाण्याला गर्दी होती, म्हणून उशीर. ती खिडकीशी येऊन म्हणाली, "पंत, दोनच मिंटं झाली की. भोंग्याचा आवाज अजून कानात हाय."

पंतांनी फुली मारली आणि शांतपणे सांगितलं, "बाई, भोंगा कुणासाठी थांबत नाही."

सोजरबाई घरी गेली. संध्याकाळी पोथीला मात्र वेळेच्या आधी येऊन बसली. पंतांनी त्या दिवशी क्षमेचा अध्याय लावला होता.

तेहेतीस सालच्या चैत्रात गोदावरीला ताप आला. पहिले दोन दिवस पंतांनी गवती चहा आणि सुंठ केली. तिसऱ्या दिवशी ती उठून बसेना, तेव्हा त्यांनी बाळीवेशीतल्या डॉक्टर वीरभद्रप्पांना आणलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, जीभ बघितली, आणि पंतांना बाहेर ओट्यावर नेलं. "विषमज्वर आहे," ते म्हणाले. "तीन आठवडे चालेल. कधी चार."

"औषध काय?" पंतांनी विचारलं आणि कोट चढवून दवाखान्याकडं निघायची तयारी केली.

"या तापाला औषध नाही, पंत. अंग पुसायचं, कपाळावर पाण्याच्या घड्या, बार्लीचं पाणी, फळांचा गाळलेला रस. अन्नाचं शीत तोंडात जाता कामा नये. आतडी आतून सोलली जातात या तापात. ताप उतरल्यावर माणूस भुकेनं रडतं, आणि घरच्यांना दया येऊन ते भात भरवतात. त्या एका घासानं आतडं फाटतं. ताप गेल्यावरही दहा दिवस काही नाही. तेवढं सांभाळा. बाकी वाट बघणं हेच औषध. दिवसातून चार वेळा घ्या."

डॉक्टर शेवटचं वाक्य हसून म्हणाले. पंतांना हसू आलं नाही. त्यांचं मूल जगलं नव्हतं, भाऊबंद मोहोळकडं तुटून राहिलेले. बावीस वर्षं या दोन खोल्यांत ती दोघंच होती. ती गेली तर आपण काय करायचं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला, आणि त्याचं उत्तर त्यांना माहीत होतं: काहीच करता येणार नाही. कुणाच्या नावापुढं फुली मारता मारता हा माणूस कधी घाबरला नव्हता. त्या दिवशी ओट्यावर तो घाबरला.

घाबरलेला माणूस काहीतरी करतो. पंतांनी देव पाण्यात घातले.

देव पाण्यात घालून बसायची चाल जुनीच आहे. मागणं पुरं होईस्तोवर देवांना पाण्यातून काढायचं नाही. त्यांना हुडहुडी भरली की ते आपलं ऐकतात. पंतांनी तांब्याचं घंगाळ काठोकाठ भरलं आणि बाळकृष्ण, गणपती, अन्नपूर्णा, शाळिग्राम आणि कुलस्वामिनीचा चांदीचा टाक, सगळे आत सोडले. वर बजावलंही, "आता ही बरी झाल्यावरच बाहेर."

शेजारच्या खोलीत घरमालकीण अक्कम्मा राहायची. पंत गिरणीत गेले की ती गोदावरीपाशी बसायची. ती घंगाळात डोकावून म्हणाली, "अय्यो पंत, सोलापुरात चैत्राच्या उन्हात पाण्यात ठेवलं व्हय देवांना? हे तर लई सुखात हायत. मला बी ठेवा की."

पंतांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. गार प्रदेशात ही शिक्षा असेल. इथं सारं गाव भट्टीत भाजत होतं, विहिरी तळाला गेल्या होत्या, माणसं ओलं फडकं डोक्यावर घेऊन हिंडत होती, आणि अख्ख्या कसब्यात गारव्याला बसलेले हे पाचच जण. त्यांना बाहेर यायची घाई कशाला असेल? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. मोहोळकरांच्या घरचे पाषाण तेवढे ओले होते. तरीही पंतांनी देव काढले नाहीत. एकदा मांडलेली गोष्ट ते खोडत नसत.

पुढचं त्याहून वाईट. पंतांनी गिरणीतला मस्टरचा एक कोरा कागद आणला, त्यावर डॉक्टर आले त्या दिवसापासूनच्या तारखा घातल्या, आणि नावाच्या घरात लिहिलं: श्री. संध्याकाळी कामावरून आल्यावर ताप बघायचा. सकाळपेक्षा उतरला असेल तर देवाची उभी रेघ. चढला असेल तर फुली. आता या तापाचा स्वभावच असा की तो रोज संध्याकाळी चढतो. हे डॉक्टरांना माहीत होतं, अक्कम्मालाही माहीत होतं. पंतांनी कुणाला विचारलं नाही. त्यामुळं देवाचे खाडे लागोपाठ पडत गेले. सहा झाले, सात झाले, दहा झाले. नियमानं सहाव्या दिवशीच नाव कमी व्हायचं, पण पंतांनी इथं मन मोठं केलं. जुना माणूस आहे, एकवीस दिवसांची मुदत देऊ, असं त्यांनी ठरवलं. डॉक्टरांनी 'तीन आठवडे' म्हटलं होतं, तेच त्यांनी धरून ठेवलं. 'कधी चार' हे त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं.

तापही ते दिवसातून दोनदा मोजून थांबत नसत. सुट्टीच्या दिवशी दर अर्ध्या तासाला गोदावरीच्या तोंडात थर्मामीटर. शेवटी डॉक्टरांनी ते त्यांच्या हातातून काढून स्वतःच्या खिशात टाकलं. "वरणाला उकळी आली का बघताय काय?" ते म्हणाले. "आता मीच येऊन बघेन, सकाळ-संध्याकाळ." त्यानंतर पंत हाताची पाठ तिच्या कपाळावर लावून अंदाजानं फुल्या मारू लागले.

याच भरात एका सकाळी त्यांनी नवस बोलला. देवघरासमोर उभं राहून, गिरणीला उशीर होत असल्यामुळं घाईघाईनं: "ताप उतरेल त्याच दिवशी पुरणाचा नैवेद्य करीन आणि प्रसादाचा पहिला घास त्याच दिवशी हिच्या तोंडात घालीन." 'त्याच दिवशी' हे त्यांनी दोनदा म्हटलं. देवाला ढिलाई चालणार नाही हे कळावं म्हणून.

एकविसावा दिवस आला. गोदावरीला धड शुद्ध नव्हती. ओठ काळे पडले होते, बोटं पांघरुणावर काहीतरी चाचपत होती. संध्याकाळी डॉक्टरांनी पारा बघितला आणि मान हलवली. "चौथा आठवडा घेणार," ते म्हणाले. "धीर धरा."

पंतांनी डॉक्टरांना दारापर्यंत पोचवलं, आत आले, कागद काढला, एकविसावी फुली मारली, तांबडी शाई घेतली आणि 'श्री' या अक्षरावर आडवी रेघ ओढली.

नाव कमी केलं. रेघ ओढून झाली आणि मग त्यांनी टाक खाली ठेवला. आपण काय केलं हे कळायला त्यांना तेवढाच वेळ लागला. त्यांनी कागदाची घडी केली आणि देव्हाऱ्याच्या मागच्या फटीत सारली, म्हणजे ज्याचं नाव कमी केलं त्याच्याच पाठीशी लपवली. अक्कम्माला बसायला सांगून ते चपला घालून बाहेर पडले. पाय सवयीनं मारुतीकडं गेले.

पोथीची वेळ झालीच होती. बाया जमल्या होत्या. पंत पोथी न उघडता पायरीवर बसले. सोजरबाई खांबाजवळून म्हणाली, "वयनी कशा हायत्या?"

"तशाच. आज पोथी नाही. उद्याही नाही. धीर-बीर सगळं पुस्तकात, बाई. एकवीस दिवस झाले. मी काय कमी केलं? देव पाण्यात घातले, नवस केला, रोज मोजत बसलो. आणि त्याला अजून जाग नाही."

सोजरबाईनं तंबाखू थुंकली, पदर सावरला आणि जवळ येऊन खालच्या पायरीवर बसली. तिचा आवाज मोठा नव्हता. "पंत, राग मानू नगा. माज्या दोन मिंटाचा खाडा मांडला तवा तुमी काय म्हनला हुता? भोंगा कुनासाटी थांबत न्हाय. मी ऐकलं. घरी गेले, दुसऱ्या दिशी येळंवर आले. आता देवाचा भोंगा तुमच्यासाटी आदी वाजंल व्हय? त्यो तुमच्या खिडकीपुढनं कामाला जातो का तुमी त्येच्या?"

पाच वर्षं तिनं जे ऐकलं होतं, ते तिनं पंतांना परत दिलं होतं, आणि ते त्यांच्यापेक्षा नीट सांगितलं होतं. सोजरबाई उठली. "घरी जावा," ती म्हणाली. "तितं बसा. काय करू नगा. निस्तं बसा."

निस्तं बसणं! पंतांना कुणी गिरणी चालवायला सांगितली असती तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीनं डोळे उघडले. अंग तापलेलंच होतं, पण नजर ओळखीची होती. तिनं मान वळवून देवघराकडं बघितलं. देव्हारा रिकामा.

"देव कुठं गेले?"

"घंगाळात."

मग ती अगदी हळू म्हणाली, "ताप मला आलाय. त्यांना कशाला कोंडलंत? काढा की. मला दिसू देत."

"अगं, पण ताप अजून आहे. तू बरी होईपर्यंत काढायचे नाहीत, असं मी…"

"मी बरी झाले नाही तर ते काय जन्मभर पाण्यात बसणार? काढा."

पंतांनी तिच्याकडं बघितलं. तिला भांडायचं नव्हतं. तिला मरायला भीती वाटत नव्हती असंही नव्हतं. तिच्या डोळ्यांत भीती होतीच. पण भीती वाटत असताना तिला देवाला धाक दाखवायचा नव्हता, त्याच्याकडं नुसतं बघत पडायचं होतं. पंतांनी घंगाळ पुढं ओढलं. एकेक देव बाहेर काढला, आपल्या धुतल्या उपरण्यानं पुसला, आणि जागच्या जागी ठेवला. बाळकृष्णाच्या कोपरात साचलेलं पाणी त्यांनी उपरण्याच्या टोकानं टिपलं. आता देवाला अडवून धरायला हातात काही उरलं नव्हतं. नुसते दोन मोकळे हात.

त्या दिवशी त्यांनी गिरणीत निरोप पाठवला की येत नाही. एकोणीस वर्षांत त्यांचा पहिला खाडा. दिवसभर ते तिच्या उशाशी बसून घड्या बदलत राहिले. ताप किती आहे हे कपाळाला हात लावून बघायचंही त्यांना सुचलं नाही. अक्कम्मा दुपारी डोकावली आणि नेहमीच्या सवयीनं "सुम्न कूडरी पंत", म्हणजे गप बसा, असं म्हणणार होती. पण पंत खरंच गप बसले होते. ती दार ओढून परत गेली.

इथंच गोष्ट संपली असती तर पंत शहाणे ठरले असते. पण स्वभावाला औषध नाही.

ताप हळूहळू उतरू लागला, आणि पंचविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "आज नाही ताप." पंतांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि हलवत राहिले. "दहा दिवस लक्षात आहेत ना?" डॉक्टरांनी जाताना विचारलं. पंत "हो, हो" म्हणाले. त्यांना फक्त 'त्याच दिवशी' आठवत होतं.

कसं करावं? डॉक्टर एक सांगतो, नवस दुसरं सांगतो. सरळ माणूस डॉक्टरांना विचारून आला असता. पंतांनी मनाशी ताडलं: ज्यानं ताप उतरवला त्याच्याच प्रसादानं आतडं फाटेल का? नवस मोडला तर मात्र ताप परत येईल. या विचारात किती देवभक्ती होती आणि किती घाई, ते पंतांनी पुढं प्रामाणिकपणे सांगितलं: भक्ती एक आणा, घाई पंधरा आणे.

सोवळं नेसून त्यांनी पुरण शिजवलं, पाट्यावर वाटलं, पोळ्या लाटल्या. डाळ कच्ची राहिली होती, कारण शिजेपर्यंत पंतांना दम धरवला नाही. पोळी तव्यावर एका बाजूनं करपली, दुसऱ्या बाजूनं पांढरी राहिली. ती पोळी खाऊन तालमीतला गडीही आडवा झाला असता. विषमज्वराची गोष्ट निराळीच. नैवेद्य दाखवून, तुपाची धार सोडून, तुकडा मोडून ते गोदावरीपाशी आले. दारातून अक्कम्मा ओरडली, "डाक्टरास्नी विचारलं का?" पंत म्हणाले, "प्रसादाला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही."

पंचवीस दिवसांत बार्लीचं पाणी आणि रस यांखेरीज पोटात काही न गेलेल्या माणसाला तुपाचा वास काय असतो, ते पंतांना कसं कळणार? गोदावरीचे डोळे त्या तुकड्यावर खिळले. तिच्या गळ्याची हालचाल दिसली. तिनं हात पुढं केला, तुकडा घेतला, आणि बराच वेळ नुसता हातात धरला. मग तिनं तो कपाळाला लावला आणि परत त्यांच्या हातावर ठेवला.

"आज नाही."

"नवस आहे, गोदा! 'त्याच दिवशी' म्हटलंय मी. दोनदा."

"मला विचारलं होतंत?" तिचा आवाज क्षीण होता, पण शब्द ठाम होते. "तो पंचवीस दिवस माझ्यासाठी थांबला. अजून दहा दिवस थांबायला सांगितलं तर रागावेल? तो काय तुमच्या गिरणीच्या फाटकावर उभा आहे? दहा दिवसांनी खाईन. तोवर हा माझा घास तुम्ही खा."

"पण भूक नाही का लागली?"

गोदावरी रडायला लागली. "लागलीय की," ती म्हणाली. "इतकी लागलीय की तुमचं पुरणसुद्धा चांगलं दिसतंय. घेऊन जा ना ते लवकर."

पंतांनी तिथंच बसून तो तुकडा तोंडात घातला. कच्ची डाळ दातांखाली आली. तरी त्यांनी तो घास शेवटपर्यंत चावून गिळला.

संध्याकाळी अक्कम्मानं डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी आधी गोदावरीचं पोट नीट तपासलं, मग पंतांना ओट्यावर नेलं. पहिल्या दिवशी जिथं उभे होते तिथंच. "पंत," ते म्हणाले, "बाईंनी तो घास गिळला असता तर उद्या तुम्ही मला बोलवायला आला नसता. दुसऱ्याच कुणाला बोलवावं लागलं असतं."

पंत ओट्यावर खाली बसले. समोरच्या बोळातून सोजरबाई मारुतीला चालली होती. तिनं विचारलं, "वयनी?" पंतांनी सांगितलं, "बऱ्या आहेत. मी नाही."

दहा दिवस गेले. कसे गेले ते पंतच जाणोत. त्यांनी एकदाही कागद आखला नाही, एवढं खरं. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी मऊ भात सांगितला. पंतांनी भाताचं पातेलं चुलीवर चढवलं. गोदावरी पहिल्यांदाच उशीला टेकून उठून बसली होती. तिनं देवांना हळदकुंकू वाहायला म्हणून देव्हारा जवळ ओढायला सांगितला, आणि मागच्या फटीतून घडी केलेला कागद खाली पडला.

गोदावरीला अक्षरं पंतांनीच शिकवली होती. आठ दिवसांत आलीच पाहिजेत म्हणून ते तेव्हा रोज चिडायचे, आणि ती न चिडता दोन वर्षांत शिकली. तिनं कागद उघडला, वाचला, आणि विचारलं, "या फुल्या कुणाच्या?"

पंतांना खोटं बोलायचं होतं, पण खोटं जुळवायलाही थोडा दम लागतो. "देवाच्या," ते म्हणाले. "खाडे आहेत. ताप उतरला नाही त्या दिवसांचे."

"सगळेच?"

"सगळेच."

"आणि ही तांबडी?"

"नाव कमी केलं."

गोदावरी हसेल की चिडेल ते पंतांना कळेना. ती दोन्ही करेना. "या एकवीस दिवसांत मी जिवंत होते ना?" तिनं विचारलं.

"होतीस की."

"तुम्ही तर गिरणीत असायचात. औषध नव्हतंच. मग कामावर कोण होतं?"

पंतांनी दौत-टाक आणली. 'श्री'वरची तांबडी रेघ पुसण्याचा प्रयत्न केला. पण ती शाई पुसत नाही, म्हणून तर गिरणी ती वापरायची. मग त्यांनी त्याच कागदावर खाली नवी ओळ आखली, नावाच्या घरात 'वेणीमाधव' लिहिलं, आणि पुढं एकामागून एक पंचवीस फुल्या मारल्या. एवढं मनापासून त्यांनी कधीच कुणाचे खाडे मांडले नव्हते. कागद त्यांनी गोदावरीच्या हातात दिला.

गोदावरीनं बोटानं घरं मोजली. बाविसाव्या घरावर बोट थांबलं. "ही खोडा."

"खाडा खोडत नसतात."

"त्या दिवशी तुम्ही देव बाहेर काढलेत. आणि दिवसभर माझ्या उशाशी बसलात. एकदाही घड्याळ काढलं नाहीत. मला ताप होता, पण दिसत होतं."

पंतांनी ती फुली खोडली आणि शेजारी उभी रेघ ओढली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. डोळे भरून आल्यामुळं रेघ वाकडी गेली, आणि तेवढ्यात खोलीत वास पसरला. उभ्या जन्मात पहिल्यांदाच पंत चुलीकडं बघायचे विसरले होते. भात खालून करपला होता. गोदावरीनं वरचा मऊ भात चार घास खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाली.